कोंबड्यांना लागलेली दृष्ट

दमनहूर, पहिला मजला
शनिवार, ४ ऑक्टोबर १९८६

दुसऱ्या मजल्यावरच्या सब्रीच्या आईस,

सलाम. सलाम घालायलाच हवा म्हणून घातला आहे, त्यातून भलता अर्थ काढू नये.

मी शपथ मोडलेली नाही. अकरा महिन्यांपूर्वी मी अल्लाची शपथ घेऊन म्हटलं होतं की माझी जीभ तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही. काल मशिदीतल्या शेखसाहेबांना विचारून आले. ते म्हणाले, शपथ जिभेची आहे, हाताची नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. बोललीस तर मात्र दहा गरिबांना जेवू घालावं लागेल. म्हणून तुमची भाजीची टोपली माझ्या खिडकीसमोरून वर जाते, तीत ही चिठ्ठी टाकते आहे. दोरी दोनदा ओढली की चिठ्ठी आहे असं समजावं.

विषय गच्चीवरच्या कोंबड्यांचा. सात तलंगा मी कशासाठी वाढवल्या ते तुम्हाला ठाऊक आहे. हनाला आठवा संपत आला. ती बाळंतपणाला माझ्याकडे येणार आणि सात दिवस तिला रोज एका घरच्या कोंबडीचं सार द्यायचं, असं मी मनाशी ठरवलं आहे. सोसायटीच्या दुकानातल्या बर्फातल्या कोंबडीचं सार माझ्या लेकीला पाजलं तर तिची सासू त्यांच्या कफ्र अद्दव्वार गावभर दवंडी पिटेल. गेल्या वर्षीचं सगळं झाल्यावर ह्या वेळी मला काही कमी पडू द्यायचं नाही.

तर मंगळवारपासून त्या एकमेकींना टोचताहेत. सुरुवात हेडबाईने केली. (हेडबाई म्हणजे ती आठवी, म्हातारी, करड्या ठिपक्यांची. हिच्यासारखी एक बाई मला शाळेत होती.) तलंगांतल्या झुबेदाची पाठ पार उघडी पडली आहे. आणि सोमवारी तुम्ही गच्चीवर कपडे वाळत घालताना म्हणालात, "बाई गं, काय गुबगुबीत झाल्यात." मी जिन्यातून ऐकलं. दृष्ट टाळायला म्हणायचं असतं ते माशाल्ला मात्र ऐकलं नाही.

मी काही आरोप करत नाही. फक्त वार सांगते आहे.

एतिदाल

*

दुसरा मजला
त्याच दिवशी, असरच्या नमाजानंतर

हनाच्या आईस,

तू जिभेला कुलूप लावलंस, मीही माझी जीभ वाया घालवणार नाही. लिहिते.

कोंबड्या मी पाहिल्या. तुझी झुबेदा कोपऱ्यात तोंड घालून बसते, ते बघून जीव तुटतो. पण तू सोमवारी सकाळी प्रत्येकीच्या पायाला लाल दोऱ्यात निळा मणी ओवून बांधलास ना? कोंबडीला लाल दिसलं की ती चोच मारणारच. दोऱ्याला मारता मारता कातडी फाटते, रक्त येतं, रक्त पुन्हा लालच. मग सगळ्या तुटून पडतात. रहमानियाला आमच्या आईकडे चाळीस कोंबड्या होत्या, मला ह्यातलं कळतं.

दोरे काढ. जखमांवर डांबर लाव, त्याच्या कडू चवीने चोच मागे जाते. मुळ्याच्या पाल्याची जुडी डोक्याच्या जरा वर टांग, उड्या मारमारून खातील आणि भांडायला वेळ उरणार नाही. हेडबाईला तीन दिवस वेगळ्या खोक्यात ठेव. परत आली की ती नवखी होते, तिची खुर्ची गेलेली असते. कापू मात्र नकोस. एक हेडबाई गेली की दुसरी त्या खुर्चीवर बसते.

टोपलीत एक अंडं आहे. तुझंच आहे, माझ्या कपड्यांच्या पाटीत घातलेलं सापडलं.

नबविया

*

रविवार, ५ ऑक्टोबर

सब्रीच्या आईस,

अंडं पोचलं. सल्लाही पोचला.

वा. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला मणी काढून टाक, असं कोण सांगेल? ज्याला दृष्ट लावायची आहे तोच सांगेल. मी काही काल जन्मले नाही. आता मी प्रत्येकीच्या दुसऱ्या पायालाही बांधला आहे, आणि झुबेदाच्या गळ्यातसुद्धा.

शिवाय काल दृष्ट काढायला कागदाची बाहुली कापली. एकेकाचं नाव घेऊन तिला सुईने टोचलं आणि धुपावर जाळली. एकूण एकतीस नावं घेतली, इस्त्रीवाला आणि हनाची सासू धरून. तुमचं नाव तीनदा घेतलं. थोरल्या जाऊ आहात, मानाने घेतलं.

एतिदाल

*

सोमवार, ६ ऑक्टोबर

हनाच्या आईस,

शनिवार संध्याकाळपासून माझा डावा गुडघा दुखतो आहे. बाहुलीला कुठे टोचलंस ते कळव, म्हणजे मलम नेमकं कुठे चोळायचं ते ठरवता येईल.

आज युद्धाच्या विजयदिनाची सुट्टी, सगळ्या गल्लीत रेडिओवर लष्करी गाणी चालू आहेत, त्यामुळे डोकंही दुखतं. पण ते तुझ्यावर घालत नाही.

आता एक सरळ विचारते. मेंदीच्या संध्याकाळी मी हनाचे दंड सायीसारखे आहेत म्हणाले आणि माशाल्ला म्हणायला विसरले, हे खरं आहे. माझ्या हातात सरबतांचं ताट होतं आणि तुझा दीर मागून ओरडत होता. त्यानंतर तीन महिन्यांनी तिचं पहिलं गेलं, हेही खरं आहे. पण ही हना जन्मली तेव्हा सुईण पोचली नव्हती, म्हणून ती आधी माझ्या हातात आली. तुझ्याही आधी मी तिला पाहिलं. तेव्हा माझ्या डोळ्यांनी तिचं काही वाकडं झालं नाही.

ह्या खेपेला बाळ झालं की मला बघू देशील का? एवढंच विचारायचं होतं. कोंबड्या राहू देत.

नबविया

*

शुक्रवार, १० ऑक्टोबर

सब्रीच्या आईस,

उत्तराला उशीर झाला, कारण घरात सुतक असल्यासारखं झालं होतं. झुबेदा गेली. बुधवारी वर गेले तर सगळ्या तिच्या गळ्यालाच लागल्या होत्या. वेळेवर सुरी फिरवली म्हणून हलाल तरी झाली. मुलुखियाच्या पालेभाजीत घालून एकटीने खाल्ली आणि रडले. मीठ घालावं लागलं नाही.

आता सहाच राहिल्या, आणि दोन-दोन मणी असूनही टोचणं वाढलंच आहे. एवढ्या मण्यांना पुरून उरणारी दृष्ट साधी नसणार. म्हणून मी ठरवलं, दिसणंच बंद करायचं. मांडववाल्या अताकडून लग्नाला आणि मयताला घालतात त्या मांडवाचं कापड उसनं आणलं, तेच लालभडक, जाड, वेलबुट्टीचं. खुराडं वरून, खालून आणि चारी बाजूंनी झाकलं. आता आत फक्त मी जाते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर कोंबड्या देतील. कापडाआड त्या शांत झाल्या, तर दोष कुणाच्या डोळ्यांत होता ते उघड होईल. मग बाळाच्या खोलीचं दार तुम्हाला बंद. माझा इलाज नाही. एकदा पोळले आहे.

एतिदाल

*

सोमवार, १३ ऑक्टोबर

सब्रीच्या आईस,

तीन दिवस झाले. एकही चोच नाही. कापडाच्या आत मांडीला मांडी लावून बसतात. हेडबाई तर डुलक्या घेते.

मला आनंद झालेला नाही. पण झालं ते झालं.

एतिदाल

*

बुधवार, १५ ऑक्टोबर

हनाच्या आईस,

तुझी चिठ्ठी वाचून दोन दिवस मी आरशात बघितलं नाही. म्हटलं, उगीच स्वतःला लागायची.

दोरे तर तसेच आहेत, मग कोंबड्या गप्प का झाल्या, ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून मीच माझी परीक्षा घ्यायची ठरवलं. समोरच्या चहाच्या दुकानाचा कर्णा तुला माहीत आहे. तो बंद पडला तर अर्धी गल्ली मला दुवा देईल. मी खिडकीत बसून दोन दिवस त्याच्याकडे टक लावून बघितलं आणि मोठ्याने म्हटलं, "काय सुंदर आवाज, काय गोल तोंड." माशाल्ला मुद्दाम म्हटलं नाही. काल त्यांनी दुसरा कर्णा आणून बसवला.

मग विजेचं मीटर बघायला येतो त्या उद्धट माणसाच्या केसांची स्तुती केली. त्याला बढती मिळाली म्हणे. माझ्या डोळ्याचं काय खरं ते मलाच कळेना. पण सब्री कुवेतला गेला त्या दिवशीही मी म्हटलं होतं, माझा लेक किती उंच दिसतो. सहा वर्षांत दोनदा आला. कुणी सांगावं?

म्हणून मी उद्या रहमानियाला बहिणीकडे जाते आहे. हनाचं बाळंतपण होईपर्यंत तिकडेच राहीन. मी घरातच नसले तर कापडाचीही गरज नाही. किल्ली इस्त्रीवाल्याकडे ठेवली आहे. टोपली वर ओढून ठेवली आहे. तुला लिहायचं झालं तर टपालाने लिही, पत्ता मागे दिला आहे.

हनाला माझा सलाम सांगू नकोस. तिला उगाच धसका बसेल.

नबविया

*

दमनहूर
बुधवार, २२ ऑक्टोबर

सब्रीच्या आईस,

ही चिठ्ठी लिहू की नको, ह्यात एक दिवस गेला.

सोमवारी सकाळी मांडववाला अता कापड परत घेऊन गेला. बाजारात कुणीतरी वारलं, मांडव घालायचा होता. मी म्हटलं, जाऊ दे, दृष्ट लावणारी तर रहमानियात बसली आहे. दुपारच्या अजानपर्यंत गच्चीवर रक्त होतं. हेडबाईने एकीची शेपटीची सगळी पिसं काढली आणि दुसरीने हेडबाईची.

तुम्ही वीस किलोमीटरवर. तुमच्या खिडकीला कडी. मग कुणाचे डोळे?

बसून विचार केला. इस्त्रीवाला जिना चढत नाही. हनाच्या सासूने कोंबड्या पाहिलेल्याच नाहीत. रोज वर जाणारी, दोन वेळा मोजणारी आणि "माझ्या राण्या, कशा गुबगुबीत, कशा गोऱ्या" म्हणणारी एकच बाई आहे. आपल्या स्वतःच्या वस्तूला कोण माशाल्ला म्हणतं? मी एकदाही म्हटलं नाही.

आणि मेंदीच्या संध्याकाळी तुम्ही एकदाच म्हणालात. मी तर संध्याकाळभर तेच म्हणत होते. येईल त्या बाईला ओढून हनापुढे नेत होते.

काल नवी बाहुली कापली आणि पहिलं नाव माझं घेतलं. सुई पुढे जाईना. सब्रीच्या आई, हना शनिवारी येते आहे. माझीच दृष्ट असेल तर तिच्याजवळ बसायचं कुणी? तिचं पोट बघून मला माझं तोंड बंद ठेवता येणार नाही. मला फार भीती वाटते.

एतिदाल

*

रहमानिया
शनिवार, २५ ऑक्टोबर

एतिदाल,

तू मूर्ख आहेस. हे थोरल्या जावेच्या अधिकाराने लिहिते.

इथे बहिणीच्या घरामागे कोंबड्यांची मोठी शेड आहे. तुझं पत्र आलं तशी मी तिथल्या मुकादमाकडे गेले आणि त्याला सगळं सांगितलं, मणी, बाहुली, मांडवाचं कापड. तो हसता हसता पिंपावर बसला. मग मला आत नेलं. आत सगळे दिवे लाल. लाल उजेडात रक्त लाल दिसत नाही गं, सगळंच एकसारखं दिसतं, म्हणून त्या एकमेकींना टोचत नाहीत. तू खुराडं लाल कापडाने झाकलंस आणि नकळत तेच केलंस. कापड गेलं, उजेड परत आला, तुझे बारा लाल दोरे परत दिसायला लागले. ह्यात माझा डोळा नाही आणि तुझाही नाही. मणी ठेवायचे तर ठेव, दोरा काळा घे.

आता दुसरं. हे मी वर्षभर पोटात ठेवलं. गेल्या वर्षी हनाचं झालं तेव्हा तू भिंतीला टेकून बसली होतीस, तुला कशाचं भान नव्हतं. तिच्या चादरी मी धुतल्या. डॉक्टरीण जाताना जिन्यात मला म्हणाली, तिसऱ्या महिन्यात काही मुलं अशीच जातात, कुणी काही केलं म्हणून नाही आणि कुणी काही केलं असतं तरी राहिलं नसतं. तेच सांगायला मी खाली आले, तर तू शपथ घेऊन मोकळी झाली होतीस. मग माझाही मान मला आडवा आला. चुकलंच माझं. त्या वेळी तुला दारात उभं करून सांगायला हवं होतं.

तेव्हा लेकीजवळ बस. तिचं पोट बघ, हवी तेवढी स्तुती कर. तू नाही करणार तर कोण करणार?

मी सोमवारी येते. येताना झुबेदाच्या जागी एक आणते आहे. ती गच्चीवर ठेवायची नाही, नवखीला तर त्या फाडून खातील. माझ्या न्हाणीघरात राहील.

नबविया

*

मंगळवार, २८ ऑक्टोबर

सब्रीच्या आईस,

टोपली पुन्हा खिडकीसमोर लोंबायला लागली, बरं वाटलं.

दोरे काढले. डांबर लावलं. ते कोंबड्यांपेक्षा मलाच जास्त लागलं. मुळ्याची जुडी टांगली. हेडबाईला आठवड्याभरापूर्वीच खोक्यात घालायला हवं होतं, रविवारी घातली. आज सकाळी जरा दार उघडून बघितलं, तर सगळ्यांत लहान तलंगेने तिला डोक्यावर एक टोचली. हेडबाई मुकाट्याने परत खोक्यात जाऊन बसली. मला शाळेतल्या बाईंची दया आली.

हना आली. तिला वर नेऊन दाखवलं. अर्ध्या बोडक्या, काळ्या डांबराच्या, जुडीसाठी उड्या मारणाऱ्या कोंबड्या बघून ती इतकी हसली की मला वाटलं गच्चीवरच बाळंत होते. म्हणाली, "आई, ह्यांना कुणाची दृष्ट लागणार?"

तुमच्या न्हाणीघरातली माझ्या डोक्यावर रात्रंदिवस ओरडते. तिला पाणी पाजत जावं.

दाराचं मी अजून काही ठरवलेलं नाही. डोकं पटतं म्हणतं, पण मन भित्रं आहे.

एतिदाल

*

मंगळवार, ४ नोव्हेंबर, सकाळी

एतिदाल,

पहाटे जमिनीतून रडणं ऐकू आलं. आधी वाटलं मांजर. मग कळलं. मी आहे तिथेच जमिनीवर बसले आणि पूर्ण थांबेपर्यंत ऐकलं.

मुलगा की मुलगी विचारत नाही. हना बरी आहे ना, तेवढं लिही.

सातवी कोंबडी टोपलीतून खाली सोडते आहे. पाय बांधले आहेत, काळ्या दोऱ्याने. मी खाली येणार नाही, काळजी करू नकोस.

नबविया

*

मंगळवार, ४ नोव्हेंबर, दुपारी

सब्रीच्या आईस,

हना बरी आहे. मुलगी आहे. सोललेल्या कोंबडीसारखी लाल आणि सुरकुतलेली. तिच्यात दृष्ट लागण्याजोगं मला तरी काही दिसलं नाही, आणि तरी मी सकाळपासून तिच्याकडेच बघत बसले आहे.

पहिलं सार झालं. पहिली कोंबडी निम्मी सोललेलीच होती, वेळ वाचला. हनाने दोन वाट्या घेतलं. तिची सासू आली होती, तिनेही एक वाटी घेतली आणि गप्प बसली.

मी हनाला सगळं वाचून दाखवलं, तुमची पत्रंही. चादरींचं वाचलं तेव्हा ती म्हणाली, "काकू वर काय करताहेत मग?" मी उठून कागद घेतला.

सातव्या दिवशीच्या सोहळ्यात बाळाला चाळणीत ठेवलं की कानाशी खलबत्ता वाजवायला घरातली थोरली बाई लागते. घरात थोरल्या तुम्ही. पण सातव्या दिवसापर्यंत थांबायचं कारण मला दिसत नाही. तुम्हाला टोपली ओढायला तास लागतो, गुडघा म्हणाल. म्हणून ही चिठ्ठी टाकते, दोरी दोनदा ओढते आणि मग जिन्यात उभी राहून तोंडाने हाक मारते.

दहा गरीब शोधायला लागा.

एतिदाल

*

त्याच दिवशी

एतिदाल,

हाक ऐकली. साऱ्या गल्लीने ऐकली, चहाच्या दुकानाचे दोन्ही कर्णे झाकले गेले. एका वर्षाने माझं नाव तुझ्या तोंडून आलं, म्हणून जरा बसून राहिले. खाली येऊन उशिराचं कारण विचारशील तर मी गुडघाच सांगेन, म्हणून खरं कारण इथे लिहून ठेवते.

पहिल्या पायरीपासून माशाल्ला म्हणत उतरणार आहे. बावीस पायऱ्या आहेत, बाळाला पुरतील.

गरीब मोजले. इस्त्रीवाला, त्याची आई, गल्लीच्या तोंडाशी बसणारी दोघं, मशीद झाडणारा आणि त्याची चार पोरं. नऊ झाले. हेडबाईला त्यांच्यासाठी कापू नकोस, तिचं मांस शिजायचं नाही, आणि सात दिवसांनी ती गच्चीवर एकटीच उरणार आहे. तिला सोबत आणायला हवी. भात आणि मसूर कर.

दहावी मला धर. वर्षभर तुझ्या हातचं खाल्लेलं नाही.

नबविया